एका राईस प्लेटमध्ये दोघं

मी बी. ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. वडील रत्नागिरीहून येऊन भाईंदरला रेल्वेत गँगमन म्हणून लागले, आणि त्यांनी मुलीला पार्ल्याच्या कॉलेजात घातलं म्हणून आजूबाजूच्यांनी त्यांना बरंच ऐकवलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी फारशी शहाणी दिसणार नाही.

सत्तर सालच्या अखेरीला माझं लग्न झालं आणि मी गोडदेवला आले. सासरचं घर कौलारू, स्वतःचं. मागे भाताची खाचरं. नवरा मिठागरावर मुकादम, शिक्षण मराठी सातवी. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे, पण इंग्रजी अक्षर दिसलं की मान फिरवायचे. स्थळ ठरवताना वडिलांनी एकच विचारलं होतं, "पोरगी नोकरी करीन म्हणते, चालेल ना?" सासूबाई म्हणाल्या होत्या, "बघू."

हा 'बघू' पुढे आठ महिने मी ऐकला. तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं आणि 'हो' तर म्हणायचंच नसतं, तेव्हा आमच्याकडे 'बघू' म्हणतात.

श्रावणात वडिलांकरवी निरोप आला. भाईंदरच्या एका शाळेतल्या बाई बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले होते, मुलीला सोमवारी सकाळी सही करायला पाठवा, बी. एड.चं पुढे बघता येईल. सोमवारी आली नाही तर दुसऱ्या बाईंना बोलावणार. निरोप आला तो बुधवार होता. सासूबाई सुपातले तांदूळ निवडत म्हणाल्या, "मुकादमाची बायको कामाला जाते म्हनतील लोकं. आनि घरचं कोन बघनार गो?" मी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बघू."

त्याच शनिवारी आम्ही दोघं मुंबईला जाणार होतो, ते आधीच ठरलेलं होतं. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात, त्यामुळे त्यांना सवड होती. त्यांच्या मामांची दादरला खोली होती, मामा गावी गेलेले, किल्ली आमच्याकडे. गौरी-गणपतीची खरेदी हे निमित्त. एक रात्र राहायचं, रविवारी संध्याकाळी परत. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघंच कुठेतरी जात होतो. सासूबाईंनी यादी तोंडपाठ करून घेतली: स्टीलचे तीन डबे, गौरीला हिरव्या बांगड्या, कापूर, आणि "सुनेला एक बरीशी साडी घे, गौरीला न्हेसंल."

माझी यादी एकाच गोष्टीची होती. मला त्यांच्या तोंडून 'हो' काढायचं होतं, आणि माझ्याकडे दोन दिवस होते.

मी ठरवलं, माणूस खूश असेल तर हो म्हणतो. तेव्हा दोन दिवस त्यांना खूश ठेवायचं. त्यांच्या मनाविरुद्ध काही बोलायचं नाही, चूक काढायची नाही, आणि मुख्य म्हणजे माझं शिक्षण त्यांच्या डोळ्यांवर येऊ द्यायचं नाही. बी. ए.ला मला तर्कशास्त्र होतं. त्याचा उपयोग मी असा केला.

शनिवारी दुपारी दादरला उतरल्याउतरल्या त्यांनी एका गाडीवरचा बटाटेवडा घेतला. खिशातला रुमाल काढून बाकावर पसरला आणि मला म्हणाले, "बस. गरम हाय. कसा हाय?"

वडा मिळमिळीत होता. "छान आहे," मी म्हणाले.

"आनखी एक घे."

मी आणखी एक खाल्ला. मग डबे घेतले. ते ज्या दुकानात शिरले तिथे झाकणं सैल बसत होती. मी बोटानं दाबून पाहिलं, आणि "चांगले आहेत" म्हणाले. संध्याकाळी चौपाटीवर गेलो. त्यांनी भेळ घेतली, माझ्या हातात पुडा दिला, स्वतः उभ्याउभ्या समुद्र बघत राहिले. आमच्या उत्तनकडचा समुद्र यापेक्षा मोठा दिसतो, असं ते म्हणाले. मी "हो ना" म्हणाले. इथे विचारावं असं दोनदा मनात आलं. एकदा तोंड उघडलंसुद्धा, तेवढ्यात ते म्हणाले, "आईला काय काय घ्यायचं राह्यलंय, आठव जरा." मी आठवायला लागले. आठवून सांगितलं. तो दिवस तसाच गेला.

रविवारी सकाळी साडीच्या दुकानात गेलो. पांढऱ्या गादीवर बसवलं, पाणी दिलं. दुकानदार साठीचा, बोलका. कपाटाकडे हात करून त्यानं मला विचारलं, "बोला वहिनी, कशासाठी पाहिजे? ऑफिसला, शाळेला, का समारंभाला?"

'शाळेला' हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्याच्या मागच्या फळीवर मला पाहिजे होत्या त्या साड्या होत्या, बारीक काठाच्या सुती, कडक इस्त्रीच्या. माझ्या कॉलेजातल्या बाई अशाच नेसायच्या.

"घरात न्हेसायला," नवरा म्हणाला.

दुकानदारानं नायलॉनच्या साड्यांचा ढीग पुढ्यात टाकला. त्यांनी एक उचलली. पोपटी, वर मोठी जांभळी फुलं. "ही कशी हाय?"

घरात नेसायला. दोनच शब्द, पण मला ते उत्तरच वाटलं. साडीचा पदर मी हातात धरला होता. तरी मी म्हणाले, "छान आहे."

"मग बांधू?" दुकानदार म्हणाला.

ते माझ्याकडे बघत राहिले. काय दिसलं कुणास ठाऊक. "जेवून येतो," म्हणाले, आणि उठले.

आता जेवणाचं सांगण्याआधी आमच्या घरातलं जेवण सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासरी पुरुष आधी जेवायचे. त्यांचं झालं की त्याच ताटात बायको जेवायची, ताट न धुता, न उचलता. माझी आई वडिलांच्या नंतर जेवायची, पण स्वतःच्या ताटात. इथे पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "त्याच्याच ताटात घे गो, नवीन कशाला खराब करतेस." मी घेतलं. पहिल्या दिवशी घास उतरेना. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ताटाच्या कडेला पापलेटचा मधला तुकडा तसाच ठेवलेला आहे. तिसऱ्या दिवशी कोळंबी. ते काही बोलायचे नाहीत, उठून हात धुवायला जायचे. पण ताटात माझ्यासाठी काही राहिलं नाही असा दिवस गेला नाही. त्यामुळे त्या ताटाबद्दल मला नक्की काय वाटायचं, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही.

हॉटेल मोठं होतं. पडद्याआडच्या फॅमिली रूममध्ये जागा नव्हती, म्हणून बाहेरच्या हॉलमध्ये, संगमरवरी टेबलाशी समोरासमोर बसलो. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर इंग्रजीत पाटी होती. राईस प्लेट एकाच माणसासाठी आहे, दोघांनी मिळून खाऊ नये. मी बसताक्षणी वाचली. शिकलेल्या माणसाचं तेच असतं, अक्षर दिसलं की वाचलं जातं.

वेटर आला. "क्या लाऊँ?"

"एक राईस प्लेट," ते म्हणाले.

"एकच?"

"हा. एक."

मला लगेच कळलं. ते चिकट नव्हते. दोन घ्याव्यात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. घरी जसं ते जेवणार आणि मग मी जेवणार, तसंच इथे. ताट एकच असतं. आणि त्यांच्या मागे पाटी होती. मी सांगायला पाहिजे होतं. "अहो, इथे दोन घ्याव्या लागतात," एवढंच. पण मग ते म्हणाले असते, कोन म्हनतं? मग मी म्हणाले असते, पाटीवर लिहिलंय. मग ते मान वळवून पाटीकडे बघणार, आणि ती इंग्रजीत. वेटरसमोर. उद्या सोमवार.

मी गप्प बसले.

ताट आलं. दोन पुऱ्या, दोन भाज्या, आमटी, भात, ताक, एका वाटीत शेवयांची खीर. ते खाली मान घालून जेवायला लागले. मी समोर हात मांडीवर ठेवून बसले. शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, मुलगी माझ्याच वयाची, बिनबाह्यांच्या ब्लाउजमधली. ती माझ्याकडे बघत होती. नवरा जेवतोय आणि बायको पाणीसुद्धा न पिता बसलीय, असं ते दिसत असणार. मी कॉलेजात वादविवादात बक्षीस घेतलेली मुलगी.

त्यांनी एक पुरी, थोडा भात ठेवला. खिरीला हातच लावला नव्हता. मग ताट हलकेच माझ्याकडे सरकवलं.

"खीर खा," म्हणाले.

मी पुरी मोडली. घास तोंडाशी नेला, तेवढ्यात गल्ल्यावरून आवाज आला.

"ए, एक प्लेट में दो नहीं चलेगा."

त्यांना कळलं नाही की हे आपल्याला आहे. मॅनेजर पुन्हा ओरडला, "भाईसाब, आपको बोलता है. बोर्ड देखो. सब यही करता है."

सगळा हॉल वळला. ती मुलगी तोंडावर रुमाल धरून हसली. त्यांनी मान मागे वळवली, पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा हात तोंडाशीच होता.

"दुसरी लाव," ते वेटरला म्हणाले. आवाज अगदी खाली. "चांगली भरून लाव."

दुसरं ताट माझ्यापुढे आलं. उठून जावंसं वाटत होतं, पण अन्न टाकून उठायची सवय दोन्ही घरांना नाही. मी जेवले. सगळं, भाताचं शीतसुद्धा न ठेवता. ते समोर बसून बघत होते. आठ महिन्यांत त्यांनी मला ताटावर बसून जेवताना पाहिलं नव्हतं. पहिलं ताट मधे तसंच होतं, खीर गार झालेली. शेवटी त्यांनी ती वाटी उचलली आणि एका दमात पिऊन टाकली, औषध घ्यावं तशी.

बाहेर आल्यावर ते चार पावलं पुढे चालायला लागले. हातात डब्यांची पिशवी, सैल झाकणं खडखडतायत. मी मागे. समुद्राच्या कडेला एका कठड्याशी ते थांबले.

"पाटी वाचलीस तू."

"हो."

"कधी?"

"बसल्याबसल्या."

"मग बोलली का न्हाईस?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"चार लोकांत त्यानं मला भिकारी केला. तुला ठाव होतं आनि तू बसून राह्यलीस. बी. ए. झालीस ती कशाला?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आनि आता चांगलं वाटलं?"

मग ते म्हणाले, "माझा बाप आईला भ्यायला लावायचा. तो घरात आला की आई बोलायची बंद. मी कधी तुझ्यावर हात उचलला? आवाज चढवला? मंग मला भ्यालीस कशाला?"

इथे मला सोपं होतं. हो म्हणायचं, भ्याले म्हणायचं, डोळ्यांत पाणी आणायचं. ते विरघळले असते, आणि त्याच वेळी नोकरीचं विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते. मी तेवढा हिशेब केला, हे मला कबूल आहे. पण त्या माणसानं खिरीची वाटी ठेवली होती. मला तेवढं खोटं बोलवेना.

"भ्याले नाही," मी म्हणाले. "उद्या सोमवार आहे. मला शाळेसाठी तुमचं हो पाहिजे होतं. म्हणून कालपासून तुम्हाला खूश ठेवत होते. तुम्ही रागवाल असं काही बोलायचं नाही, असं ठरवलं होतं."

त्यांना समजायला वेळ लागला. "कालपासून?"

"हो."

"साडी छान हाय म्हनलीस ती?"

"नाही आवडली."

"डबे?"

"झाकणं सैल आहेत."

त्यांनी पिशवीत हात घालून एक डबा काढला, झाकण लावून उलटा केला. झाकण फुटपाथवर पडून गोल गोल फिरत लांब गेलं. ते जाऊन घेऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "वडा?"

"मिळमिळीत होता."

"दोन खाल्लेस."

"तुम्ही दिलात म्हणून."

ते कठड्याला टेकले. मला वाटलं, संपलं. शाळा गेली, आणि तिच्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं. आठ महिन्यांत मी त्यांच्याशी इतकं सलग कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते हे. पाच मिनिटं, कदाचित दहा, ते समुद्राकडे बघत होते. मग पिशवी उचलली आणि चालायला लागले.

आधी डब्यांच्या दुकानात गेले. काउंटरवर डबे ठेवून म्हणाले, "बदलून दे. झाकनं बसत न्हाईत. हिला दाखव, ही तपासून घेईल." मी तपासून घेतले. दुकानदाराला मी सात डबे काढायला लावले. ते बाजूला उभे होते, माझ्याकडे न बघता.

मग साडीचं दुकान. पोपटी साडी तशीच गादीवर होती.

"बांधू ना साहेब?"

"आधी त्या दाखव." त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं.

"त्या सुती? रोजच्या वापराच्या आहेत हो. शाळेबिळेत नेसतात बायका."

"शालेतच न्हेसायच्या हायत," ते म्हणाले. "दोन दे. एक धुवायला पडली की एक पाहिजे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फळीकडेच बघत होते. तोंडावर राग तसाच होता, जराही उतरला नव्हता. हो म्हणताना माणूस रागावलेला असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुकानदारानं साड्या पसरल्या. एक पांढरी, निळा काठ. एक फिकी बदामी, तपकिरी काठ. मी काठ हातात घेतला.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "आवडली का न्हाय?"

"पांढरी आवडली. ही दुसरी नको, रंग जाईल. ती फळीवरची राखाडी द्या."

"ऐकलं ना?" ते दुकानदाराला म्हणाले. "आनि ही पोपटीपन बांध. आईला काय तरी दाखवायला पाहिजे."

संध्याकाळी घरी पोचलो. सासूबाईंनी पुडकं सोडलं. पोपटी साडी उलगडून दिव्याजवळ धरली, खूश झाल्या. मग खालच्या दोन हाताला लागल्या.

"ह्या कुनाला?"

ते ओसरीवर पाय धूत होते. "शालेतल्या बाईला."

"कोन बाई?"

"ही. उद्यापासून जाते."

सासूबाईंनी साड्या घडी करून ठेवल्या, नीट, काठाला काठ लावून. माझ्याशी पुढचे तीन आठवडे बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डबा भरून चुलीपाशी ठेवलेला होता.

त्या रात्री नेहमीसारखंच त्यांचं ताट वाढलं गेलं. वालाचं बिरडं होतं. ते जेवून उठले आणि मी त्याच ताटात बसले. इथे कुणाला वाटेल की शहरातल्या त्या प्रकारानंतर ताट वेगळं झालं असेल. झालं नाही. बी. ए. झालेली, सकाळी वर्गावर उभी राहणारी बाई आणखी कितीतरी वर्षं नवऱ्याच्या ताटात जेवली. वेगळं कधी झालं ते मला नीट आठवतही नाही. मुलं मोठी झाली, जेवायच्या वेळा बदलल्या, तसं ते आपोआप सुटलं. त्या रात्री ताटाच्या कडेला बिरड्याचा ढीग होता, आणि मी तो खाल्ला.

सोमवारी मी पांढरी साडी नेसून गेले आणि सही केली.

ते इंग्रजी शिकले नाहीत. मी शिकवते म्हटलं तर म्हणायचे, "तू हायस ना." रस्त्यात पाटी दिसली की थांबतात, काय लिवलंय विचारतात, आणि मी मोठ्यानं वाचते, आजूबाजूला कुणीही असलं तरी. आणि मी कशालाही चांगलं म्हटलं, त्यांनी आणलेल्या मासळीला, नव्या सदऱ्याला, जावयाला, की हातातलं काम थांबवून विचारतात, "खरं, का सोमवारचं?"